ॲफिडेव्हिट नावाचं क्रियापद

मुंबईत कुठल्याही कोर्टाच्या आसपास एक पाटी हमखास दिसते: 'ॲफिडेव्हिट, नोटरी, रेंट ॲग्रीमेंट, झेरॉक्स'. किल्ला कोर्ट घ्या, वांद्रे घ्या, कुर्ला घ्या, पाटी तीच. त्या पाटीवरचा पहिला शब्द बाकीच्यांत बसत नाही. बाकीची नामं आहेत आणि ॲफिडेव्हिट हे मुळात क्रियापद आहे. नुसतं क्रियापदही नाही, ते एक पूर्ण वाक्य आहे.

लॅटिनमध्ये 'फिदेस' म्हणजे विश्वास, इमान. त्याला 'आद्' हा उपसर्ग लागून मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'अफिदारे' हे क्रियापद झालं: इमानावर सांगणं, शपथेवर सांगणं. त्याचं पूर्ण भूतकाळातलं, तृतीय पुरुषी एकवचनी रूप 'अफिदावित'. लॅटिन क्रियापदाच्या पोटातच कर्ता असतो, त्यामुळे या एका शब्दाचा अर्थ होतो 'त्याने शपथेवर सांगितलं आहे' किंवा 'तिने सांगितलं आहे'. इंग्लंडच्या वकिलांनी सोळाव्या शतकाच्या शेवटाला या क्रियापदाचं नाम करून टाकलं. कायद्यातल्या बऱ्याच शब्दांची हीच गत झाली आहे. कॅव्हेट म्हणजे 'त्याने सावध असावं', मँडॅमस म्हणजे 'आम्ही आज्ञा देतो'. आपलं म्हणणं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये, एवढ्यासाठी आपण कोर्टात कॅव्हेट 'दाखल' करतो आणि ते 90 दिवस टिकतं. त्यात कोणी कोणाला सावध करतंय हे आता कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ॲफिडेव्हिटच्या बाबतीत मात्र हा विसर महाग पडला आहे. 'अफिदावित' हे वाक्य कोण उच्चारतं? शपथ घेणारा स्वतःबद्दल बोलताना 'मी' म्हणेल. 'त्याने शपथेवर सांगितलं' असं म्हणणारा माणूस वेगळा असतो. तो समोर बसलेला असतो, ऐकत असतो आणि ऐकल्याचं लिहून ठेवतो. म्हणजे हा शब्द शपथ घेणाऱ्याचा नाहीच, ऐकणाऱ्याचा आहे. कोणीच ऐकलं नसेल, तर त्या कागदाच्या माथ्यावर छापलेलं नाव हेच त्यातलं पहिलं खोटं विधान ठरतं.

रोममध्ये फिदेस ही देवी होती आणि कॅपिटोल टेकडीवर तिचं देऊळ होतं. तिची पूजा करताना पुजारी उजवा हात बोटांपर्यंत कापडात गुंडाळत, कारण इमान उजव्या हातात वसतं अशी समजूत. आपल्याकडेही हाताला हे महत्त्व होतंच. बेलभंडार उचलून घेतलेली शपथ मराठी मुलखात मोडवत नसे. वाद फारच चिघळला तर रवादिव्य व्हायचं: उकळत्या तेलातून किंवा तुपातून धातूचा रवा काढायचा, मग हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहोर करायची आणि काही दिवसांनी ती चारचौघांसमोर उघडायची; हात भाजलेला नसेल तर माणूस खरा. ती पद्धत क्रूर आणि निरर्थक होती, तिची आठवण काढून हळवं होण्याचं काही कारण नाही. पण एक गोष्ट त्या काळाला पक्की ठाऊक होती. शपथ ही माणसाने, माणसांदेखत, देहाने करायची गोष्ट आहे.

मग मराठीत आपण या शब्दाला प्रतिशब्द केले: शपथपत्र, प्रतिज्ञापत्र, सत्यप्रतिज्ञालेख. तिन्ही अर्थाला धरून आहेत आणि तिन्हींच्या शेपटीला कागद बांधलेला आहे. मूळ शब्दात पत्र नाही, लेख नाही. मजकुराची सुरुवातही 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' अशी. हे 'लिहून देणं' आपल्या दस्तऐवजी मराठीतलं मुरलेलं रूप आहे. खरेदीखतात 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असतात, तेच इथे आलं. बोलण्यात तर आणखी गंमत. मुंबईत ॲफिडेव्हिट करतात, काढतात, बनवतात, लावतात, जोडतात. शपथ मात्र घेतात. दोन क्रियापदं कधी एकत्र येतच नाहीत, कारण लोकांच्या मनात त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शपथ मंत्री घेतात. ॲफिडेव्हिट टेबलावर मिळतं.

त्या टेबलावर काय होतं ते जरा जवळून पाहू. टायपिस्टच्या कॉम्प्युटरवर साठवलेले नमुने असतात: उत्पन्नाचं, रहिवासाचं, नावातल्या फरकाचं, शिक्षणातल्या गॅपचं, हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटचं. नाव, वय, धंदा, पत्ता बदलला की प्रिंट निघते. 'इथे सही करा, इथे पण, आणि आधारची झेरॉक्स द्या.' कागद आत जातो आणि दहा मिनिटांत गोल शिक्का, लाल सील आणि नोंदणी क्रमांक घेऊन बाहेर येतो. अनेकदा ज्याचं ॲफिडेव्हिट, तो माणूस नोटरीच्या नजरेलाही पडत नाही. कागदावर मात्र 'माझ्यासमक्ष' छापलेलं असतं.

कायद्याला अपेक्षित असलेली कृती काही अवघड नाही. 1969 च्या शपथ अधिनियमाच्या परिशिष्टात शपथपत्रासाठी वेगळा नमुना दिला आहे, तो एका वाक्याचा आहे: ईश्वरसाक्ष शपथ घेऊन किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करून मी सांगतो की हे माझं नाव आणि ही माझी सही आहे आणि या शपथपत्रातला मजकूर खरा आहे. देव मानणाऱ्याने शपथ घ्यावी, न मानणाऱ्याने दृढकथन करावं. वजन दोन्हींचं सारखंच. दिवाणी कामासाठी ही शपथ कोणी द्यायची ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 139 मध्ये आहे: न्यायालय किंवा दंडाधिकारी, 1976 च्या दुरुस्तीनंतर नोटरी, आणि त्यासाठी खास नेमलेले अधिकारी. म्हणजे समोरच्याची ओळख पटवायची, मजकूर वाचलाय का विचारायचं, ते एक वाक्य त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं, समोर सही करून घ्यायची आणि रजिस्टरमध्येही त्याची सही घ्यायची. तीन मिनिटांचं काम आहे. शपथकर्त्याला मजकुराची भाषा येत नसेल तर दोन मिनिटं जास्त, कारण त्याला समजेल त्या भाषेत मजकूर समजावून सांगितल्याची नोंद खाली करावी लागते. मुंबईत ही नोंद फार मोलाची. उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं आणि तिथे शपथपत्र करणारे निम्मेअधिक पक्षकार घरात मराठी, गुजराती, नाहीतर हिंदी बोलतात. 'मराठीत समजावून सांगितलं' ही ओळ नमुन्यात आधीच छापलेली असते, म्हणून तीही कोणी उच्चारत नाही.

रजिस्टर ही किरकोळ वाटणारी बाब आहे, पण पुढे वाद झाला की सगळं तिथेच येऊन थांबतं. शपथपत्रावरचा क्रमांक, तारीख आणि नोटरीच्या रजिस्टरमधली ओळ जुळली पाहिजे. रजिस्टरमध्ये सही नसेल किंवा त्या दिवशी शपथकर्ता मुंबईत नव्हताच असं विमानाच्या तिकिटावरून निघालं, तर उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाला दुसरं काही लागत नाही. सही आधी आणि शिक्का दोन दिवसांनी, कोऱ्या कागदावर सही, पांढऱ्या शाईने खोडून वर आकडे, खाडाखोडीवर आद्याक्षरं नाहीत, जोडलेल्या कागदांवर निशाणी नाही: सगळे दोष याच घाईतून येतात.

पण सर्वांत मोठा दोष मजकुराच्या शेवटच्या तीन ओळींत असतो. मजकूर खरा असल्याचं सांगणाऱ्या त्या ओळींना सत्यापन म्हणतात, कोर्टात सगळे व्हेरिफिकेशनच म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 19 नियम 3 सांगतो की शपथपत्रात माणसाने स्वतःच्या ज्ञानातून सिद्ध करता येतील एवढ्याच गोष्टी लिहाव्यात. अंतरिम अर्जांपुरती, म्हणजे दावा चालू असताना मधल्या हुकुमासाठी केलेल्या अर्जांपुरती, एक सूट आहे: जे आपल्याला खरं वाटतं तेही लिहिता येतं, पण तसं वाटण्याचं कारण द्यावं लागतं. म्हणजे तीन खाती वेगळी ठेवायची: मी पाहिलेलं, मला कळलेलं, मला वाटणारं. कळलं असेल तर कोणाकडून, कोणत्या कागदावरून, तेही सांगायचं.

आणि आपला मराठी नमुना काय म्हणतो? 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे.' मराठीत 'माहिती' हा शब्द दोन्हीकडे चालतो. मला माहीत आहे म्हणजे मी जाणतो, आणि मला माहिती मिळाली म्हणजे कोणीतरी सांगितलं. कायद्याने जिथे भिंत घातली आहे, तिथे आपण एकच शब्द दोन्ही बाजूंना पसरवून ठेवला. वर 'समजूत' जोडली की पळवाट पूर्ण झाली. पुढे विधान खोटं निघालं तर 'माझी तशी समजूत होती' एवढं म्हणायला जागा तयार. भाषेने मदत केली म्हणायची. याला उपाय साधा आहे: 'परिच्छेद 1 ते 4 मी स्वतः पाहिलेलं व केलेलं, परिच्छेद 5 व 6 सोसायटीच्या अमुक तारखेच्या पत्रावरून, परिच्छेद 7 वकिलांनी दिलेल्या कायदेशीर सल्ल्यावरून'. अशी फोड करायला पाच मिनिटं लागतात, आणि ती करताना माणसाला पहिल्यांदाच कळतं की आपण जे ठामपणे सांगायला निघालो होतो त्यातलं निम्मं ऐकीव आहे.

हा दोष फक्त फुटपाथवरचा नाही. 1952 साली सर्वोच्च न्यायालयासमोर तेव्हाच्या मुंबई राज्याचंच एक स्थानबद्धतेचं प्रकरण आलं. शासनाच्या गृह खात्याच्या सचिवांच्या शपथपत्राखाली असंच ढोबळ सत्यापन होतं. न्यायालयाने सांगितलं की दिवाणी संहिता थेट लागू असो वा नसो, सत्यापन नियम 3 च्याच धर्तीवर असलं पाहिजे, माहितीचा स्रोत उघड केला पाहिजे, आणि अशा ढिसाळ सत्यापनामुळे एखादं शपथपत्र नाकारलंही जाऊ शकतं. त्याला सत्तर वर्षं उलटून गेली. नमुना तोच आहे, फक्त टाइपरायटर जाऊन प्रिंटर आला.

आता पैशाची बाजू, कारण सामान्य माणसाला ॲफिडेव्हिट बोचतं ते तिथेच. महाराष्ट्र शासनाने 1 जुलै 2004 रोजी मुद्रांक कायद्याच्या कलम 9 खाली आदेश काढून जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवास, राष्ट्रीयत्व अशा कामांसाठी आणि शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या शपथपत्रांचं मुद्रांक शुल्क माफ केलं. साधा कागद चालतो. तरी त्यानंतर वर्षानुवर्षं लोक अशा शपथपत्रांसाठी 100 रुपयांचा स्टॅम्प पेपर आणत राहिले. ऑक्टोबर 2024 मध्ये किमान शुल्क 100 वरून 500 रुपये झालं, तेव्हा ओरड झाली आणि 2025 मध्ये दाखल्यांच्या शपथपत्रांना शुल्क नाही असं महसूलमंत्र्यांना पुन्हा जाहीर करावं लागलं. वीस वर्षांपूर्वी माफ झालेली रक्कम दुसऱ्यांदा माफ करावी लागली, यावरूनच पहिली माफी खिडकीपर्यंत किती पोचली होती ते दिसतं. खासगी कामासाठी, म्हणजे बँक, हाउसिंग सोसायटी, खासगी संस्था मागेल त्या शपथपत्राला ही माफी लागू नाही, तिथे 500 रुपये मोजावे लागतात. त्यात आणखी एक खाच: घेतलेला स्टॅम्प सहा महिन्यांत वापरला नाही तर तो त्या कामाचा राहत नाही. कपाटात 'असू दे एक' म्हणून ठेवलेल्या स्टॅम्प पेपरचा काही उपयोग नसतो.

शुल्क माफ करणं हा अर्धाच उपाय आहे. खरा प्रश्न असा की शपथपत्र मागायचंच कशाला? 9 मार्च 2015 च्या शासन परिपत्रकाने कागदपत्रांच्या स्वसाक्षांकित प्रती आणि साधं स्वघोषणापत्र स्वीकारायला सांगितलं. कायद्यानेच शपथपत्र सक्तीचं केलंय ती ठिकाणं तेवढी वगळली. परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर 2016 मध्ये पासपोर्टसाठीची सगळी जोडपत्रं साध्या कागदावर, नोटरीशिवाय, स्वघोषणा म्हणून घ्यायचं ठरवलं. देशाच्या नावाने जगात फिरण्याचा कागद साध्या कागदावरच्या शब्दावर मिळतो. आणि अकरावी किंवा पदवीच्या प्रवेशाआधी एखाद्या मुलीचं मध्ये एक वर्ष गेलं असेल तर त्या मुलीने वर्षभर कुठे प्रवेश घेतला नव्हता हे सांगायला नोटरीच्या शिक्क्याचं गॅप ॲफिडेव्हिट लागतं. नोटरीला तिच्या त्या वर्षाबद्दल काय ठाऊक असणार? काहीच नाही. आणि ते ठाऊक असणं हे त्याचं कामही नाही, तो फक्त तिने शपथ घेतल्याचा साक्षीदार. मग ती शपथ घेतलीच नसेल तर त्या शिक्क्यात उरतं काय? कॉलेजच्या कारकुनाला मात्र एक गोष्ट नक्की मिळते: उद्या काही निघालं तर 'आम्ही ॲफिडेव्हिट घेतलं होतं' म्हणायची सोय. फाइलला आधार मिळतो. त्या आधाराची किंमत दुसरा कोणीतरी देतो.

यावर नेहमीचा प्रतिवाद असा की स्टॅम्प पेपर आणि शिक्का पाहिला की माणूस खोटं बोलायला कचरतो. पूर्वी कदाचित कचरतही असेल. ज्या कृतीत भीती वाटण्याजोगं काही घडतच नाही, ती दहा मिनिटांत, रांगेत, मोबाइलवर बोलत उरकल्यावर धाक कुठून येणार? नमुन्यांच्या शेवटी अजूनही कित्येकदा 'भा.दं.वि. कलम 199 व 200 अन्वये शिक्षेस पात्र राहीन' असं असतं. ती भारतीय दंड संहिता 1 जुलै 2024 पासून गेली. ती कलमं आता भारतीय न्याय संहितेत 236 आणि 237 झाली आहेत. अर्थात, कलम चुकीचं लिहिलं म्हणून गुन्हा सुटत नाही आणि बरोबर लिहिलं म्हणून लागू होत नाही. त्या ओळीला कायद्यात स्वतंत्र वजन काहीच नाही, ती निव्वळ धमकावणी आहे, तीही शिळी.

खरा धाक शिक्षेच्या शक्यतेत असतो. न्यायालयीन कामात खोटा पुरावा दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण ती तक्रार समोरचा पक्षकार थेट पोलीस ठाण्यात नोंदवू शकत नाही. ज्या न्यायालयात खोटं सांगितलं गेलं, त्या न्यायालयानेच, न्यायाच्या हितासाठी ते आवश्यक आहे असं वाटल्यास, तक्रार करायची: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं 215 आणि 379, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची 195 आणि 340. ही गाळणी योग्यच आहे. नाहीतर प्रत्येक हरलेला पक्षकार जिंकलेल्यावर खोटेपणाची फिर्याद घेऊन धावेल. पण तिचा परिणाम असा की मूळ दावाच तुंबलेला असताना न्यायाधीश हा जोडधंदा क्वचितच हाती घेतात. हजारो फुटकळ शपथपत्रांच्या ढिगात एक गंभीर खोटं शपथपत्र सहज लपून जातं. ढीग कमी केल्याशिवाय ते उघडं पडणार नाही. साध्या कामांना स्वघोषणा घ्या. सरकारी अधिकाऱ्याला जाणूनबुजून खोटी माहिती देणं तसाही गुन्हाच आहे, त्याला नोटरीचा शिक्का लागत नाही. आणि जिथे शपथपत्र ठेवाल, तिथे शपथ खरोखर द्या.

लोक आणखी एका गैरसमजात फसतात. शपथपत्र केलं म्हणजे गोष्ट सिद्ध झाली, असं नसतं. साक्ष कायदा शपथपत्रांना लागूच नाही. जुन्या 1872 च्या कायद्यात तसं होतं आणि 2023 च्या साक्ष अधिनियमातही ते पहिल्याच कलमात आहे. न्यायालयाने परवानगी दिली किंवा नियमाने ठरवलं, तरच ते पुरावा म्हणून चालतं, जसं दिवाणी दाव्यात सरतपासणीचं, म्हणजे आपल्याच बाजूने दिलेल्या साक्षीचं, शपथपत्र; आणि तिथेही उलटतपासणीला उभं राहावं लागतंच. म्हणून 'आम्हीच वारस आहोत' असं चार भावंडांनी शपथपत्रावर लिहून दिलं तरी फ्लॅटचे मालक कोण हे त्या कागदाने ठरत नाही. सोसायटी तो कागद घेते, फाइलला लावते, मग पाचवा वारस वकिलाची नोटीस पाठवतो.

जिथे शपथपत्राने लोकजीवनात खरंच काही बदललं, ती जागा म्हणजे निवडणूक. 2002 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण शपथेवर सांगावं लागतं, फॉर्म 26 मध्ये. 2013 मध्ये न्यायालयाने कोरे रकाने सोडण्याची युक्तीही बंद केली: 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं स्पष्ट लिहा, नाहीतर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. ते शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही उघडता येतं, मागच्या निवडणुकीच्या शपथपत्राशी ताडून पाहता येतं. इथे ऐकणारा एक नोटरी नाही, सगळा मतदारसंघ आहे. 'अफिदावित' म्हणायला लाखो तोंडं. आणि खोटं निघालं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 125-अ किती शिक्षा देतं? जास्तीत जास्त सहा महिने कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

हे सगळं बदलेपर्यंत खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाने काही गोष्टी कराव्यात. सरकारी कामासाठी शपथपत्र मागितलं तर ते कोणत्या नियमाने सक्तीचं आहे, हे लेखी विचारावं. नियम नसेल तर 2015 च्या परिपत्रकाची प्रत पुढे करून स्वघोषणापत्र द्यावं. नियम असेल तर 2004 च्या आदेशाचा हवाला देऊन साध्या ए-फोर कागदावर द्यावं. आणि नोटरीकडे गेल्यावर कागद आत पाठवू नये, स्वतः आत जावं, मजकूर वाचावा, ज्या परिच्छेदाबद्दल आपल्याला ठाऊक नाही तो खोडून आद्याक्षरं करावीत आणि 'रजिस्टरमध्ये माझी सही घेता ना?' असं विचारावं. मागे रांगेतली माणसं कुरकुरतील.